थंब टिप, सिल्क, लूप, फ्लॅश पेपर, केन: डोळ्यांदेखतच्या जादूचा तयार संच घ्यावा का?

डोळ्यांदेखत घडणाऱ्या जादूसाठी जो तयार संच मिळतो, त्यात साधारण पाच वस्तू असतात: थंब टिप (अंगठ्यावर चढवायची पोकळ टोपी) आणि सोबत एक-दोन सिल्क, म्हणजे रेशमी रुमाल, अंगठ्यात उजळणाऱ्या एलईडीची जोडी, अदृश्य धाग्याचे लूप, क्षणात जळून जाणाऱ्या फ्लॅश पेपरचं पाकीट आणि हातात एकदम उघडणारी केन, म्हणजे काठी. बनवणारा कोणीही असो, साचा बहुतेक हाच. निकाल आधीच सांगायचा तर थंब टिप आणि सिल्क या दोन वस्तू घेण्यासारख्या आहेत, पण शक्यतो संचाबाहेर, सुट्या. लूप मेहनत घेणाऱ्यालाच फळतात. एलईडी पटकन रंगते आणि तितक्याच पटकन शिळी होते. फ्लॅश पेपर आणि केन या दोन वस्तू मात्र नवशिक्याच्या संचात असायलाच नकोत.

हा निकाल कशावरून? डोळ्यांदेखतच्या कुठल्याही प्रयोगाचे पाच टप्पे असतात. हात रिकामे दिसणं, साधन हातात येणं, बदल घडणं, साधन हातातून जाणं आणि हात पुन्हा रिकामे दिसणं. जाहिरातीच्या व्हिडिओत फक्त तिसरा टप्पा दिसतो, दोन सेकंदांचा. तो क्षण जवळजवळ प्रत्येक साधन चांगलाच घडवतं, त्यात परीक्षा कसलीच नाही. साधनाची खरी लायकी कळते ती त्याआधीच्या दोन आणि नंतरच्या दोन टप्प्यांत: ते हातात येताना अडतं का, आवाज करतं का, जाताना चिकटून बसतं का. म्हणून पुढे प्रत्येक वस्तू याच मापाने मोजली आहे. हे करताना साधनांची रचना उघड लिहावी लागते. ज्यांना प्रेक्षक म्हणूनच आनंद घ्यायचा आहे, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

थंब टिप म्हणजे अंगठ्याच्या आकाराची पोकळ टोपी. संचात ती दोन प्रकारांत येते. कडक प्लास्टिकची टिप स्वस्तात बनते, आकार धरून ठेवते, पण मुठीत दाबली की दबत नाही आणि बोटांत नुसती एक गोटी घेतल्यासारखी जाणवते. मऊ व्हिनाइलची टिप मुठीत चपटी होते, सिल्क काढून घेतल्यावर जागा कमी व्यापते आणि खाली पडली तरी टकटक आवाज करत नाही. पडल्यावर आवाज न होणं ही किरकोळ गोष्ट वाटते, पण शांत सभागृहात तोच एक आवाज पुढचा सगळा प्रयोग बुडवतो. संचावर ‘सॉफ्ट’ असा उल्लेख नसेल तर टिप कडक निघेल असं धरून चालावं.

माप पाहताना अंगठा आत घालून हात उलटा करा आणि मनगटातून दोन-तीन वेळा झटका. टिप पडता कामा नये. मग दुसऱ्या हाताच्या मुठीत ती हलकेच धरून अंगठा बाहेर ओढा. जोर न लावता निघाली पाहिजे. दोन्ही चाचण्या एकाच टिपेने पार करणं अवघड असतं, आणि संचातल्या एकाच मापाच्या टिपेचा खरा दोष हाच आहे. सैल असेल तर आतल्या कडेला कापडी चिकटपट्टीचा सेंटीमीटरभर तुकडा लावला की भागतं. घट्ट असेल तर अडचण मोठी: अंगठा आत हवाबंद बसतो आणि काढताना ‘टप्’ असा आवाज येतो. अशा वेळी टोकाजवळ, नखाच्या खालच्या बाजूला, बारीक सुईने एक भोक पाडावं. हवा जायला वाट मिळते, आवाज थांबतो. मात्र त्या टिपेत पुढे मीठ किंवा पाणी लपवायचे प्रयोग करता येणार नाहीत, त्यासाठी दुसरी ठेवावी लागेल.

रंगाबद्दल नवशिक्यांना जितकी काळजी वाटते तितकी ती करायची गरज नाही. संचात बहुतेकदा एकाच छटेची गुलाबीसर टिप येते. ती आपल्या त्वचेशी जुळत नाही म्हणून तिच्यावर अ‍ॅक्रिलिक रंग चढवला जातो, आणि तिथेच घात होतो. मऊ व्हिनाइलमध्ये त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, रंग चिकट होतो, टिप दाबली की त्याचे पोपडे निघतात आणि ते नेमके पांढऱ्या सिल्कवर उतरतात. रंगवण्यापेक्षा दोन-तीन छटांतली जवळची छटा निवडून वेगळी टिप घ्यावी. त्याहून महत्त्वाची आहे चकाकी. नवी टिप तेलकट चमकते, विशेषतः नखाचा भाग. बारीक, ६०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने घासली आणि वर चिमूटभर टाल्कम पावडर चोळली, की प्रकाशातला तो ठिपका जातो. नजर रंगातल्या फरकापेक्षा चकाकीकडे लवकर वळते.

टिप लपते ती रंगामुळे नव्हे, दिशेमुळे. अंगठ्याचं टोक थेट प्रेक्षकांकडे रोखलेलं असेल, तर त्यांना दिसतं फक्त एक लहानसं गोल टोक. टिपेची कड, जिथे व्हिनाइल संपून त्वचा सुरू होते, ती त्या टोकामागे दडते. अंगठा आडवा झाला की कड उघडी पडते. म्हणून हात रिकामे दाखवताना तळवे प्रेक्षकांकडे, बोटं किंचित विलग, अंगठे त्यांच्याकडे रोखलेले आणि हात सतत हळू हालचालीत, अशी सवय लावावी लागते. ‘बघा, हात रिकामे आहेत’ हे तोंडाने म्हणू नये. तसं म्हटलं की प्रत्येक जण हात तपासायला लागतो. हात रिकामे आहेत हे बघणाऱ्याने बघितलं पाहिजे, ऐकायला नको.

सिल्क नाहीसं करायची मूळ कृती संचासोबतच्या चिठ्ठीत चार ओळींत उरकलेली असते, म्हणून ती इथे नीट लिहिणं गरजेचं आहे. टिप उजव्या अंगठ्यावर. सिल्क उजव्या हाताच्या बोटांत धरून ते डाव्या मुठीतून एकदा ओढून घ्या, जणू त्याच्या सुरकुत्या काढताय. ओढताना अंगठा मुठीत शिरतो आणि टिप तिथे मागे राहते. आता डावी मूठ उभी आहे, वर तोंड, आत टिप. सिल्कचं एक टोक घेऊन ते तर्जनीने आत सारा, मग मधल्या बोटाने, मग अंगठ्याने, पुन्हा तर्जनीने. अंगठ्याने खुपसणं सुरुवातीपासून या फेऱ्यांत मिसळलेलं असलं पाहिजे. बहुतेक नवशिके आधी सगळं काम तर्जनीने करतात आणि फक्त शेवटी अंगठा घालतात, कारण शेवटी टिप काढायची असते. प्रेक्षकाला टिपेविषयी काही माहीत नसलं तरी त्या एकाच वेगळ्या हालचालीवर त्याचं मन अडकतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे टिपेच्या कडेखालून डोकावणारा सिल्कचा कोपरा. सिल्क मधोमध चिमटीत धरून कोंबलं की चारही कोपरे शेवटी वर येतात आणि त्यातला एक हमखास बाहेर राहतो. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली तर शेवटी समोरचा एकच कोपरा उरतो. तो तर्जनीने टिपेच्या मध्यभागी खोलवर दाबून मगच अंगठा घालावा. सिल्क प्रकट करायचं असेल तेव्हा मात्र हाच शेवटचा कोपरा अर्धा सेंटीमीटर वर ठेवावा, नाहीतर ऐन वेळी बोटांना तो सापडत नाही.

आणि आता ती जागा जिथे चांगली साधनंही फसतात. अंगठा टिपेसह बाहेर आला की लगेच मूठ उघडायची घाई होते. मूठ लगेच उघडली तर ‘अंगठा बाहेर आला’ आणि ‘सिल्क गेलं’ या दोन गोष्टी प्रेक्षकाच्या मनात शेजारी-शेजारी बसतात, आणि तो त्यांची गाठ मारतो. दोन्हींत अंतर हवं. उजवा हात सहज खाली, मुठीपासून वीतभर दूर. नजर डाव्या मुठीवर. दोन सेकंद काहीच नाही. मग मुठीवर हलकी फुंकर, आणि करंगळीपासून एकेक बोट उघडायचं. प्रेक्षकाच्या लेखी जादू फुंकरीच्या वेळी झाली. प्रत्यक्षात ती चार सेकंद आधीच होऊन गेली होती. या चार सेकंदांत टिपेकडे बघायचं नाही, एकदाही नाही.

सिल्कविषयी संच बनवणारे सर्वांत जास्त हात आखडतात. अस्सल रेशमाऐवजी पॉलिएस्टरचा चौकोन देतात आणि नाव मात्र ‘सिल्क’ ठेवतात. ओळखायची साधी रीत: रुमाल मुठीत घट्ट चुरगळून एकदम मूठ उघडा. रेशीम उमलतं, फुगून वर येतं. पॉलिएस्टर निसटतं आणि लोंबतं. शंका राहिलीच तर कडेचा एक धागा काढून जाळून बघावा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, तर पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. कोरड्या हवेत पॉलिएस्टरमध्ये स्थिर विद्युत साचते आणि रुमाल बाहीला, बोटांना चिकटतो. मुठीतून फुलासारखं वर येणारं सिल्क हा या प्रयोगाचा सगळा डौल आहे, तो या कापडात येत नाही.

जादूसाठीचं रेशीम पातळ असतं, साधारण ५ मोमी वजनाचं. मोमी हे रेशमाच्या वजनाचं माप असून ५ मोमी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २२ ग्रॅम. या हिशेबाने १२ इंची चौरस सिल्क २ ग्रॅमचं, तर १८ इंची साडेचार ग्रॅमचं भरतं. बाजू दीडपट झाली की कापड सव्वादोनपट होतं, आणि टिप तेवढीच राहते. नेहमीच्या टिपेत १२ इंची सिल्क अंगठ्याला जागा ठेवून बसतं. संचात १८ इंची दिलं असेल तर ते नेहमीच्या टिपेत कोंबल्यावर अंगठा अर्धाच शिरतो, टिप पुढे लांबते आणि अंगठा भलताच लांब दिसू लागतो. त्यासाठी लांब, मोठ्या मापाची टिप लागते. ‘मोठं सिल्क मोफत’ या आमिषाला इथेच भुलायला होतं. कडेची शिवणही बघावी. हाताने गुंडाळून घातलेली बारीक शिवण जागा घेत नाही, तर यंत्राने घातलेली जाड दोऱ्याची कड एकटीच टिपेतली बरीच जागा खाते.

रंगात लाल आणि लख्ख पिवळा हे दोन सर्वांत कामाचे. निळं सिल्क काळ्या कोटासमोर दहाव्या रांगेतून दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीसं झालं तरी कोणाला कळणार? नवं लाल सिल्क आधी वेगळं, थंड पाण्यात धुऊन घ्यावं, कारण घामाच्या हाताने त्याचा रंग टिपेच्या आत आणि बोटांवर उतरतो.

एलईडीची जोडी हीसुद्धा टिपच, आत बारीक दिवा आणि दाबलं की लागणारा स्विच असलेली. दिवा लाल असतो, कारण रक्त आणि मांस निळा-हिरवा प्रकाश जास्त शोषतात आणि लाल बराचसा आरपार जाऊ देतात. त्यामुळे बोटाच्या टोकातूनच प्रकाश येतोय असं वाटतं. मंद उजेडात हे फार सुंदर दिसतं. भर उजेडात ते फिकं पडतं, आणि पूर्ण अंधारात उलटा त्रास होतो: टिपेची भिंत पातळ असेल तर तीच आतून कंदिलासारखी उजळते आणि तिची कड स्पष्ट दिसते. विकत घेतल्यावर अंधाऱ्या खोलीत आरशासमोर लावून बघावी, कड दिसत असेल तर परत द्यावी. प्रयोग अर्ध्या मिनिटाच्या पुढे नेऊ नये. प्रकाश इथून उचलून तिथे ठेवणं चार वेळा झालं की पाचव्याला प्रेक्षक हाताऐवजी अंगठा बघू लागतात. एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा: आतली बटणासारखी बॅटरी लहान मुलाने गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. हा संच मुलांना भेट म्हणून देणाऱ्यांनी ही जोडी आधी काढून घ्यावी.

लूप ही या संचातली सर्वांत नाजूक आणि, नीट साधली तर, सर्वांत विलक्षण वस्तू. अत्यंत बारीक लवचिक धाग्याचं तयार कडं, मनगटात घालायचं आणि लागेल तेव्हा दोन हातांमध्ये ताणायचं. हा प्रकार यिगाल मेसिका यांच्या लूपमुळे जगभर पोहोचला आणि आता त्याच धर्तीचे अनेक संच मिळतात. याने अंगठी हवेत तरंगते, घडी घातलेली नोट तळहातावरून उठते, टेबलावरची काडी सरकते.

धागा अदृश्य नसतो, तो फक्त बारीक असतो. तो दिसतो दोन कारणांनी: मागच्या रंगाशी फरक पडला तर, किंवा प्रकाश त्यावर तिरपा पडून चमकला तर. एकरंगी पांढरा सदरा घातला की काळा धागा रेघेसारखा उमटतो. चौकड्यांचा, ठिपक्यांचा किंवा गडद कपडा घातला की तो त्यात हरवतो. थेट ऊन, एकाच बाजूचा प्रखर दिवा आणि मोबाइलचा फ्लॅश हे तिन्ही वैरी. छतावरून येणारा पसरट प्रकाश सर्वांत चांगला. प्रेक्षकाच्या आणि धाग्याच्या मध्ये एक मीटर अंतर ठेवावं आणि वस्तू छातीच्या उंचीवर, आपल्याच कपड्याच्या पार्श्वभूमीवर ठेवावी. डोक्याच्या वर नेली की मागे मोकळी भिंत येते आणि धागा उघडा पडतो.

तुटणं हा लूपचा स्वभावच आहे, तो साधनाचा दोष म्हणून मांडणं बरोबर नाही. पण कारणं समजली तर निम्मी तूट वाचते. नखाची खरबरीत कड, कोरडी भेगाळलेली त्वचा, घड्याळाचा धातूचा पट्टा, अंगठीचा खडा, बाहीचं बटण. प्रयोगाआधी नखं बारीक कानशीने घासावीत, घड्याळ काढावं. हातांना क्रीम लावू नये, धागा त्यात चिकटतो आणि गुंता होतो. प्रत्येक मनगटात दोन लूप घालावेत, म्हणजे एक तुटला तरी प्रयोग थांबत नाही. पाकिटातले लूप उष्णतेने आणि काळाने कुजतात. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं पाकीट सरळ टाकून द्यावं, कारण ते पहिल्या ताणालाच तुटतं. वजनाची मर्यादाही आहे. साधी अंगठी किंवा नोट ठीक, चावीचा जुडगा नाही.

शिकताना मूळ लूपवर हात मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आधी शिवणकामाचा पांढरा लवचिक धागा घ्या, जाड, डोळ्यांना दिसणारा. त्याचं कडं करून दोन्ही हातांत ताणा, वस्तू त्यावर अडकवा आणि फक्त हालचाल शिका. कारण खरी अडचण धागा लपवण्याची नाहीच, हात लपवण्याची आहे. दोन्ही हात लांब नेले की ताण वाढतो आणि वस्तू वर येते. हात आणि वस्तू एकाच वेळी, एकाच गतीने हलले तर मेंदू तत्काळ दोन्ही जोडतो. उपाय असा: एक हात पूर्ण स्थिर ठेवावा आणि ताण दुसऱ्या हाताच्या फक्त एका बोटाने वाढवावा. आधी वस्तू किंचित थरथरू द्यावी, मग एक कड उचलली जाऊ द्यावी, मग वर. १५ सेंटीमीटर चढायला तीन ते चार सेकंद. वस्तू तरंगत असताना स्थिर हात मध्येच सहज वळवून तळवा दाखवावा, म्हणजे हाताला त्याचं स्वतःचं वेगळं काम मिळतं. शेवटी वस्तू प्रेक्षकाच्या तळहातावर ठेवावी आणि तेव्हाच बोटाने धागा तोडावा. साधन जातं कसं, या कसोटीवर लूप संचात पहिला येतो: तोडला की पुरावा उरत नाही, आणि वस्तू कोणालाही तपासायला देता येते. बाकी एकाही वस्तूला हे जमत नाही.

आता फ्लॅश पेपर. हा नायट्रोसेल्युलोजचा कागद. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणातून सेल्युलोजपासून हे द्रव्य बनतं, आणि ख्रिश्चन शोनबाईन यांनी १८४६ मध्ये त्याची ओळख जगाला करून दिली ती स्फोटक म्हणून. हे विसरू नये. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो, म्हणून तो क्षणात जळतो आणि राख जवळजवळ उरत नाही. डोळ्यांसमोर लख्ख झळाळी आली की माणूस पापणी मिटतो आणि पुढचा क्षणभर त्याला झळाळीचा ठसाच दिसत राहतो. त्या आडोशाने सिल्क किंवा नाणं प्रकट करता येतं. परिणाम जबरदस्त आहे, यात वाद नाही.

पण संचात याच्यासोबत जी माहिती यायला हवी ती येत नाही. कागद ओलसर पाठवला जातो तो सुरक्षिततेसाठी. वापरायच्या आदल्या दिवशी लागेल तेवढाच, ५ बाय ५ सेंटीमीटरचे दोन-तीन तुकडे, दोरीवर सावलीत वाळवावा. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन यांपैकी काहीही चालत नाही. वाळलेला कागद घट्ट झाकणाच्या डबीत किंवा आगपेटीसोबत एकाच खिशात ठेवू नये. घट्ट गोळी करू नये, कारण ती हळू जळते आणि जळत-जळत खाली पडते. सैल चुरगळलेला तुकडा हवेतच संपतो. तुकडा वर आणि चेहऱ्यापासून दूर फेकायचा, जवळ कोणाचे केस किंवा कृत्रिम कापड नको. वरचा पॉलिएस्टर ‘सिल्क’ इथे दुसऱ्यांदा घात करतो: तो वितळून त्वचेला चिकटतो. कागद पिवळा पडला किंवा आम्लाचा वास यायला लागला तर तो खराब झालाय, पाण्यात भिजवूनच टाकावा. विमानात हातातल्या किंवा खाली द्यायच्या कुठल्याच सामानात तो नेता येत नाही. सभागृहात वापरायचा तर व्यवस्थापनाची परवानगी आणि धुराच्या अलार्मची चौकशी आधी. एवढं सगळं सांभाळण्याचा अनुभव ज्याच्याकडे नाही, त्याच्या हातात हे पाकीट देणारा संच बेजबाबदार आहे.

केनही त्याच पंगतीतली. गुंडाळलेली पट्टी सोडली की ती उलगडून साधारण मीटरभर लांब होते. धातूची केन ताठ आणि देखणी, पण तिच्या कडा धारदार असतात आणि उघडताना ती ज्या दिशेने असेल तिथे जोरात जाते. प्लास्टिकची सौम्य असते, मात्र उघडल्यावर टोक लपलपतं आणि पुढच्या रांगेला ती काठी वाटत नाही. उघडताना चेहऱ्यापासून दूर, समोर दीड मीटर मोकळं, आणि सिल्कच्या आडून. घरी ठेवताना उघडी ठेवावी. दाबून ठेवलेली केन हळूहळू ढिली पडते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे जवळून ती तपासायला देता येत नाही. मंचावर, प्रेक्षक तीन मीटर लांब असताना, आणि शेजारी तशीच दिसणारी लाकडी काठी अदलाबदलीसाठी तयार असतानाच ती कामाची.

संचासोबतचा शिकवणीचा व्हिडिओ बहुतेकदा एकाच कोनातून, बरोबर समोरून चित्रित केलेला असतो. त्यातून कृती कळते, पण कोन कळत नाहीत. सरावात आरसा पहिले काही दिवसच ठेवावा. आरशात माणूस स्वतःच्याच डोळ्यांना डोळा भिडवून असतो, आणि गुप्त हालचालीच्या नेमक्या क्षणी पापणी मिटते. जादूगारांमध्ये ही सवय फार पसरलेली आहे, आणि ती आरशात कधीच दिसत नाही, कारण तेव्हा बघणारे डोळेही मिटलेले असतात. म्हणून मोबाइल लावून चित्रण करावं. एकदा मधोमध, एकदा रांगेच्या डाव्या टोकाला, एकदा उजव्या टोकाला, आणि तिन्ही वेळा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. थंब टिपेची कड बाजूच्या चित्रणात हटकून सापडते. अशा वेळी रांगच आखूड करावी किंवा आपण दोन पावलं मागे जावं. हात दुरुस्त करण्यापेक्षा जागा दुरुस्त करणं पुष्कळदा सोपं असतं.

चित्रणात आणखी एक बघावं: बदल घडण्याआधी आपण थांबतो का. प्रेक्षकाला वस्तू आहे तशी नीट पाहू द्यायची, क्षणभर थांबायचं, बदल, आणि पुन्हा थांबायचं. लाल सिल्क त्यांनी धड पाहिलंच नसेल तर ते पिवळं झाल्याचं आश्चर्य कुठून येणार? संगीतावर प्रयोग असेल तर बदल ठेक्यावर आणि गुप्त हालचाल ठेक्यांच्या मधे ठेवावी.

मग घ्यावं काय? पाच वस्तूंचा संच आणि सुट्या वस्तू यांत निवड असेल तर सुट्या घ्याव्यात: दोन मऊ टिपा वेगळ्या मापाच्या, १२ इंची अस्सल रेशमाचे लाल आणि पिवळे असे दोन चौकोन, आणि महिन्याभराच्या सरावानंतर लूपचं एक पाकीट. संचच मिळाला असेल तर त्यातला पॉलिएस्टरचा रुमाल सरावापुरता ठेवावा, मंचावर नेऊ नये.

टिप हातात येण्याचा आणि जाण्याचा रस्ता खिशातून ठेवावा. उजव्या खिशाच्या तळाशी दुमडलेला कागद ठेवला की खिशाचं तोंड किंचित उघडं राहतं आणि अंगठा न चाचपता आत जातो. टिप त्या कागदाला टेकून, तोंड वर करून उभी ठेवायची. सिल्क काढायला हात खिशात जातो तेव्हा टिप अंगठ्यावर चढते, आणि प्रयोग संपल्यावर तोच हात सिल्क परत ठेवायला जातो तेव्हा ती तिथेच सुटते.